त्या पोराला गप्प का केलंत?

आज उपासनेनंतर पुण्याच्या कॅम्पातल्या एका घरी बायबल अभ्यासाला बसलो होतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, "योहान १४:२८ मध्ये येशू स्वतःच म्हणतो, पिता माझ्याहून थोर आहे. मग तो देव कसा?" सरळ प्रश्न, आवाजात जराही उर्मटपणा नाही. अभ्यास घेणारे बंधू म्हणाले, "असले प्रश्न सैतान घालतो डोक्यात. विश्वास ठेव." पोरगं लालेलाल झालं आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत मान खाली घालून बसलं. मी बोलायला गेलो तोवर चहा आला आणि विषय बुडाला. म्हणून इथे लिहितोय.

अहो, हा प्रश्न सैतानाचा असेल तर मार्कचं अख्खं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं त्याने लिहिलेलं येशूचं चरित्र, सैतानाचं म्हणा! पक्षघाती माणसाला येशूकडून पापांची क्षमा मिळते तेव्हा यहुदी शास्त्री कुरकुरतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? वादळ शमतं तेव्हा शिष्य घाबरून एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? मार्क तिथे उत्तर लिहीत नाही. पण ज्याने १०७वं स्तोत्र वाचलंय त्याच्या अंगावर काटा येतो, कारण तिथे लाटा शांत करणारा परमेश्वर आहे.

मी शाळेत असताना पप्पांना हेच विचारलं होतं. पप्पा साधे कारकून, सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेची, पायरी कधी चढले नाहीत. त्यांनी बायबलमध्ये दोन ठिकाणी बोटं घातली आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. आधी यशया ४५. देव म्हणतो, मीच देव, दुसरा कोणी नाही, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. मग फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २. तोच गुडघा, तीच जीभ, पण नाव येशूचं!

आणि हे लिहिणारा कोण? पौल. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी. "परमेश्वर एकच" हे लहानपणापासून त्याच्या तोंडी. त्याने दुसरा देव उभा केला नाही, कारण शेवटी सगळं जातं ते देवपित्याच्याच गौरवासाठी. त्या एकाच देवाच्या ओळखीत त्याने येशूला पाहिलं. १ करिंथ ८:६ मध्येही हेच, एकच देव पिता आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, एका दमात.

मी मात्र अडून बसलो, मग पिता थोर आहे त्याचं काय? पप्पा म्हणाले, गुडघ्यांच्या वर बघ, सातवं वचन. दासाचं रूप घेऊन खाली आलाय तो. खाली आलेला पुत्र पित्याला थोर म्हणणारच. मला तेव्हा ते पूर्ण पटलं नाही. पप्पांनी हट्टही धरला नाही.

मार्क १३:३२ आहे, मान्य. शेवटचा दिवस कधी येणार हे पुत्रालाही ठाऊक नाही, असं तिथे येशूच म्हणतो. ते वचन मला आजही जड जातं.

पण पुण्यात बसून प्रश्नांना सैतान म्हणायचं? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल तिथल्या बायांशी पत्रांतून कडकडून वाद घातला. त्याच बाईंनी पुढे केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ३२५ साली निकेयाला बिशप जमले तेही येशू देव कसा यावर एकमत नव्हतं म्हणूनच ना?

त्या बंधूंना मी ओळखतो. मंडळीत कोणी आजारी पडलं की रात्री-अपरात्री धावत जाणारा माणूस. पोरगं हातचं जाईल अशी भीती वाटली असणार त्यांना. येशू देव नाही असं सांगत दारोदार फिरून नेमकं हेच योहान १४:२८ दाखवणारे लोक आहेत, हेही खरं. पण बंधू, आपण गप्प केलेली पोरंच त्यांना दार उघडतात हो.

पप्पा गेले तेव्हा त्यांचं बायबल माझ्याकडे आलं. योहान २० मध्ये थोमाच्या शब्दांखाली पेन्सिलची रेघ आहे, "माझा प्रभू व माझा देव." शंका काढणाऱ्या शिष्याच्या तोंडून! त्याला येशूने हाकललं नाही, हात पुढे केले.

तुमच्या घरात असं विचारणारं कोणी असेल तर मला फोन करा. यशया आणि फिलिप्पै शेजारी शेजारी उघडून बसू. वाद झाला तरी चालेल.