तलावपाळीवरच्या टाळ्या

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा आमचा ठाण्याचा घरचा ग्रुप रात्रंदिवस वाजत होता. २९ जूनला शासन निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली आणि ग्रुप शांत झाला. आनंद मलाही झाला. पण त्यानंतरच्याच आठवड्यात मी सुट्टीवर नौपाड्याला दादाकडे आले, तर साडेचार वर्षांचा भाचा कर्सिव्हमधलं एकच इंग्रजी अक्षर पानभर गिरवत बसला होता. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की अंगठ्याचं टोक पांढरं पडलेलं. आधीच्या पानावर लाल शेरा: अक्षर रेषेबाहेर जातं.

मी पाटीवर तीन अक्षरं लिहून दिली. त्याने धडाधड ओळखली: बी, ए, टी. "मग मिळून काय झालं?" "बीएटी." पुढे गाडी सरकेना. नावं पाठ होती, आवाज कुणी ऐकवलेच नव्हते.

"मागे पडेल गं," वहिनी म्हणाली. तिची धास्ती मी ओळखते, कारण फिनलंडमधल्या एस्पो शहरात मीही ती काढली आहे. तिथे मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी पहिली सुरू होते, त्याआधीचं एक वर्ष पूर्वप्राथमिकचं. लेक त्या वर्गात असताना मी बाईंना विचारलं, वाचायला कधी शिकवणार? त्यांनी मला वर्गातच बसवलं. मुलं आपापल्या नावाचे तुकडे टाळ्यांनी मोजत होती, यमकं जुळवत होती. एक मुलगा गोष्ट सांगत होता आणि बाई ती त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता उतरवून घेत होत्या. मग त्याला वाचून दाखवली. आपण बोललो ते कागदावर राहतं, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिलीच्या पुस्तकात तिथे शब्द तोडून छापतात: का-ला, म्हणजे मासा. फिनिशमध्ये उच्चार तसं लेखन, म्हणून लेक दिवाळीपर्यंत वाचू लागली. मराठी याच जातीची आहे. 'कमळ' म्हणताना मूल क-म-ळ असंच तोडतं, आणि आपली अक्षरंही तिथेच तुटतात. रफार, जोडाक्षरं वेळ घेतात, घेऊ देत. इंग्रजीत हा सरळपणा नाही, आणि नेमकं तेच आपण चौथ्या वर्षी बोटांवर लादतो. पी हळद नि हो गोरी!

फिनलंडची आरती ओवाळायला मी लिहीत नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण २००६ मध्ये ५४७ होते, २०२२ मध्ये ४९० झाले. आणि हे शिकायला तिकडे जायची गरजही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, मुलांच्या अंगणात जाऊन खेळ, गाणी, गोष्टींतून बालशिक्षण उभं केलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकण्याचा एकच टप्पा मानतं. तरी ज्युनियर केजीच्या दप्तरात वह्या आहेतच.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या २३.४ टक्केच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. कोणती भाषा, यावर आपण रस्त्यावर आलो, ते बरोबरच होतं. पहिली भाषा मुलाला वाचता कशी येते, यावर माझ्या मोबाइलवर एकही संदेश आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी वही मिटली आणि भाच्याला घेऊन मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीला गेले. त-ला-व-पा-ळी, पाच टाळ्या. मा-सुं-दा, तीन. आ-त्या, दोन. कठड्याशी आमचा तासभर हाच खेळ. परतताना पाणीपुरीच्या गाडीपाशी तो एकदम थांबला.

"आत्या, पाणीपुरीत पण तलावपाळीतला पा आहे! कुठे लिहिलाय?"

मी त्याला उचलून गाडीवरच्या पाटीजवळ धरलं.