‘घरी नेतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयसीयूतून काय द्यायचं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही आयसीयूत हे वाक्य कानावर पडतं, “सिस्टर, आता घरीच नेतो.” पैसे संपलेले असतात, डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलेलं असतं, आणि माणसाचा शेवट आपल्या घरात, आपल्या लोकांत व्हावा अशी घरच्यांची इच्छा असते. डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या, फॉर्मवर सही नाहीतर अंगठा होतो. थेंबाथेंबानं औषध देणारे सिरींज पंप निघतात आणि घशात नळी असलेला माणूस अंबू बॅगवर, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याच्या फुग्यावर, अँब्युलन्समध्ये चढवला जातो. वेदनेचं औषध बंद, गुंगीचं औषध बंद, नळी मात्र तशीच. छत्रपती संभाजीनगरहून बीड जिल्ह्यातलं एखादं गाव गाठायला दोन-अडीच तास सहज लागतात. तेवढा वेळ तो माणूस गुदमरत राहतो आणि समोर बसलेला मुलगा ते बघत राहतो. हे टाळता येतं, आणि टाळण्यातला सगळ्यात मोठा वाटा नर्सिंगचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

डामाशिवाय दुसरा रस्ता कायद्यानं दिलेला आहे. बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा कृत्रिम आधार काढू देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ मार्च २०१८ चा, आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, हे पहिलं मंडळ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती घ्यायची आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कागद वाढतात हे खरं. पण त्यातून कृत्रिम आधार काढतानाही रुग्ण दवाखान्याच्या जबाबदारीत राहतो. डामात तो कुणाचाच राहत नाही.

सिस्टरनं सगळ्यात आधी धरायचा आग्रह म्हणजे लेखी ऑर्डर. “यांना सीपीआर द्यायचा नाही”, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचं नाही, हे राउंडला तोंडी सांगून डॉक्टर निघून जातात, आणि रात्री तीनला हृदय थांबलं की निर्णय ड्युटीवरच्या सिस्टरच्या गळ्यात पडतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं याच निर्णयासाठी आहेत. केस पेपरवर निर्णय, कारण, नातेवाइकांशी झालेलं बोलणं आणि डॉक्टरांची सही, एवढं हवंच. ड्युटी बदलताना हँडओव्हर घेताना ते पान उघडून बघायचं.

मग येतो त्रास मोजण्याचा भाग. बेशुद्ध आहे म्हणून दुखत नाही, हा समज फार ठिकाणी आहे. बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी सीपॉट हा वेदना मोजायचा तक्ता वापरायचा. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी झगडा, प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. स्कोअर ३ किंवा जास्त आला की औषध हवं. कूस बदलण्याआधी आणि नंतरही बघायचं. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर हा स्कोअर काहीच सांगत नाही, कारण चेहराच हलत नाही.

मॉर्फिनची भीती मोठी आहे. “माझ्या इंजेक्शननं गेला” हे ओझं कुठल्याच सिस्टरला नको असतं. पण त्रास बघून थोडं थोडं दिलेलं मॉर्फिन माणूस मारत नाही, आजार मारतो. १० मिलिग्रॅमचं १ मिलीचं अँप्युल ९ मिली सलाईनमध्ये मिसळलं की १ मिलीत १ मिलिग्रॅम होतं. अँप्युल १५ मिलिग्रॅमचंही येतं, म्हणून लेबल वाचूनच भरायचं. ऑर्डरप्रमाणे २ मिलिग्रॅम शिरेतून, १५ मिनिटं थांबून बघायचं, गरज असेल तर पुन्हा. किडनी निकामी असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, तिथे डॉक्टरांना फेंटॅनिल या दुसऱ्या वेदनाशामकाबद्दल विचारायचं. डोसच्या आधीचा आणि नंतरचा श्वासाचा वेग, चेहरा आणि वेळ लिहून ठेवायची. ही नोंदच सिस्टरची ढाल आहे.

व्हेंटिलेटर काढताना क्रम चुकला की हाल होतात. स्नायू शिथिल करणारं औषध आधी बंद करायचं आणि त्याचा असर पूर्ण उतरू द्यायचा. रायल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीचं, फीड काही तास आधी थांबवायचं. घशातला घरघराट टाळायला ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम अर्धा तास आधी. मॉर्फिन आणि गुंगीचं मिडाझोलाम सिरींजमध्ये भरून उशाशी तयार, पहिला डोस मशीनला हात लावण्याआधी. अलार्म बंद, मॉनिटरची स्क्रीन बंद, कारण नातेवाईक माणसाकडे न बघता आकड्यांकडे बघत बसतात. मग ऑक्सिजन २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका, आणि मशीनचं प्रेशर टप्प्याटप्प्यानं कमी, १०-२० मिनिटांत. श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला, नाकपुड्या फुलल्या, तर थांबायचं आणि आधी औषध द्यायचं. बहुतेक वेळा बिघडतं ते एका साध्या कारणानं: मॉर्फिन दुहेरी कुलपात, किल्ली इनचार्जकडे आणि इनचार्ज घरी. म्हणून हे काम दिवसाच्या ड्युटीत ठरवायचं.

नळी निघाल्यावर चेहऱ्यावरचा चिकटपट्टीचा डिंक पुसायचा, ओठांना व्हॅसलीन लावायचं, दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसायचं. घरघर आली तर कुशीवर वळवायचं, खोल सक्शन नको. तोंड पुसायचं काम मुलीला, सुनेला दाखवून दिलं तर त्या मनापासून करतात. गंगाजल असो वा जमजम, चमच्यानं ओतू द्यायचं नाही, ठसका लागतो. गॉज भिजवून ओठांना लावायला सांगायचं. कुणाला कलमा म्हणायचा असतो, कुणाला त्रिशरण, कुणाला कपाळाला विभूती लावायची असते. भेटीची वेळ संपली म्हणून त्यांना बाहेर काढणं मला क्रूर वाटतं.

आणि तरीही घरीच न्यायचं असेल, तर सोबत नर्स किंवा डॉक्टर हवा, कारण मॉर्फिनची सिरींज नातेवाइकाच्या हाती देता येत नाही. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरनं तो अडीच तास पुरतो, ५ लिटरनं पाच तास. निघण्याआधी हिशोब करायचा. डिस्चार्ज कार्डावर आजाराचं निदान स्पष्ट लिहिलेलं हवं. घरी मृत्यू झाला तर गावातले डॉक्टर त्यावरूनच नमुना ४अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरतात, आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते, हेही सांगून पाठवायचं. फवारणीचं औषध प्यायलेला किंवा अपघातातला रुग्ण असेल तर केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी, असते. पोलीस चौकीला कळवल्याशिवाय हलवायचं नाही, आणि मृत्यू झालाच तर शवविच्छेदनाआधी एकही नळी काढायची नाही, अंग धुवायचं नाही. का, ते घरच्यांना आधीच नीट समजावून सांगायचं.