लिग्नोकेन आणि एआरडीएस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: फुप्फुसाला इजा केलेल्या सशा-उंदरांवर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने इतक्यांदा गुण आला, औषध स्वस्त, मग 'एआरडीएसमध्ये (फुप्फुसांत सूज येऊन पाणी भरतं, तो गंभीर आजार) लिग्नोकेनचं इन्फ्यूजन (शिरेतून सतत देणं) सरसकट लावू नका' हा माझ्या लेखातला सल्ला म्हणजे निव्वळ भीती.

गुण मी नाकारलेला नाही. लिग्नोकेन आणि त्याच्याच जातीचं रोपिव्हाकेन सार्क कायनेज या एन्झाइमला दाबतात. त्यामुळे रक्तवाहिनीच्या अस्तराला न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी चिकटतात, गळतीही घटते. क्लोरोप्रोकेन हेही बधिर करणारंच औषध, पण त्याने हे साधत नाही, म्हणजे नस बधिर करण्याशी याचा संबंध नाही. मला या विषयातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण यातल्या बऱ्याच प्रयोगांत औषध आधी दिलं आणि इजा नंतर केली. आयसीयूत पेशंट येतो तोवर न्यूट्रोफिल वायुकोशांत शिरलेले असतात. चिकटणं थांबवायचं औषध तेव्हा वरातीमागून घोडं ठरू शकतं. शिवाय उंदरांतच असंही दिसलंय की लिग्नोकेनमुळे वायुकोशांतलं पाणी शोषलं जाणं मंदावतं. भरलेल्या फुप्फुसाला हे परवडणारं नाही.

आता डोस. ऑपरेशनच्या वेळी वेदनेसाठी शिरेतून देताना आदर्श वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त 1.5 मिग्रॅ, तेही 10 मिनिटांत, आणि पुढे तासाला तेवढंच. 60 किलोला 90 मिग्रॅ, म्हणजे 2 टक्क्यांचं 4.5 मिली. हे लिव्हर धड असलेल्या माणसासाठी. शॉकमध्ये लिव्हरचा रक्तपुरवठा घटतो, औषध साचतं. ॲसिडोसिसमध्ये (रक्तात आम्ल वाढलं की) मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं औषध वाढतं. रक्तातली पातळी मिलीलिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो. हे सांगायला पेशंट जागा लागतो. व्हेंटिलेटरवर, गुंगीत, स्नायू सैल करणारं औषध चालू असताना आकडीसुद्धा दिसत नाही. पहिली खूण मॉनिटरवर रुंदावलेला क्यूआरएस (ईसीजीतली ठोक्याची मुख्य लाट). म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवर शिरेतून देतात ते स्निग्ध द्रावण) हाताशी नसेल तर इन्फ्यूजन लावूच नये.

'मग करायचं काय?' असं तुम्ही विचारलंत. टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटर एका श्वासात देतो ती हवा) किलोमागे 6 मिली ठेवा, वजन उंचीवरून काढलेलं, काट्यावरचं नव्हे. 2000 सालच्या अमेरिकी चाचणीत 12 ऐवजी 6 मिली ठेवल्यावर मृत्यू 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले. आजार तीव्र असेल तर रोज किमान 16 तास पालथं झोपवा.

लिग्नोकेन इजेनंतर सुरू केलं, रक्तातली पातळी मोजली आणि तरी माणसं जास्त वाचली, अशी चाचणी दाखवा. तो लेख मी त्याच दिवशी बदलेन.