'संस्था काढा, २५ लाख घ्या' म्हणे! काहून फसवता बायांना?

यवतमाळ-अमरावतीकडच्या बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. "कंपन्यांना नफ्यातले २ टक्के संस्थांना द्यावेच लागतात, नाहीतर जेल. नवीन संस्था असो की बचत गट, टाटा, बिल गेट्स, पाणी फाउंडेशनकडून ४५ दिवसांत २५ लाख. पैसा परत करायचा नाही. फुल किट ३५ हजार, आमचे ४० टक्के, फंड आल्यावर रोख." असले मेसेज रोज येतात, पण मावशीच्या गटातल्या बाया किटसाठी बचतीच्या पेटीला हात घालायला निघाल्या, म्हणून लिहिणं भाग आहे.

२ टक्क्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही आकडा गाठला असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. ते संस्थेच्याच हातात द्यावेत असं त्यात कुठेही नाही. कंपनी स्वतः शाळेची खोली बांधेल, स्वतःच्या फाउंडेशनकडून काम करून घेईल, नाहीतर पंतप्रधान सहायता निधीत भरेल. जेलची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली होती खरी, पण लागू होण्याआधीच २०२० च्या दुरुस्तीने तिथे फक्त दंड ठेवला. आणखी एक, जे मेसेजवाला सांगणार नाही: त्याच कलमात कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्या असं लिहिलं आहे. गडचांदूर-आवारपूरचा सिमेंट पट्टा, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणींभोवतीची गावं, तिरोड्याच्या वीजकेंद्राचा परिसर, यांना जी संधी आहे ती मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याला आपोआप मिळत नाही.

आता "नवीन संस्था असो की बचत गट". हे धडधडीत खोटं आहे. सीएसआर नियमांत २२ जानेवारी २०२१ रोजी मोठी दुरुस्ती झाली. त्यातला नियम ४ कोणीही काढून वाचावा. या मेसेजला तेवढा एक नियम पुरे. कंपनी बाहेरच्या संस्थेमार्फत काम करणार असेल तर ती संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी हवी, तिच्याकडे आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. काल धर्मादाय कार्यालयातून प्रमाणपत्र घेऊन आलेली संस्था यात बसतच नाही, मग ४५ दिवस असोत की ४५०. बचत गट तर न्यासही नाही आणि सोसायटीही नाही. गटाचा रस्ता उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि बँक लिंकेजचा, म्हणजे गटाला बँकेच्या कर्जाचा आहे.

नावांचं थोडक्यात. पाणी फाउंडेशन गावांसोबत स्वतः काम करतं, संस्थांना अनुदान वाटायचं दुकान त्यांनी मांडलेलं नाही. गेट्स म्हणजे विदेशी पैसा, त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीसाठी तीन वर्षं जुनी संस्था व त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

३५ हजारांच्या किटमध्ये काय आहे? संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलची नोंदणी, सरकारी फी शून्य. १२ए-८०जीचा अर्ज, शून्य. सीएसआर-१, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेने भरायचा नोंदणी फॉर्म, तोही शून्य. लागते ती पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीएची फी. सीएला फी द्यावी, त्याचं ते काम आहे. पण सीएसआर-१ चा क्रमांक हातात आला म्हणजे फंड मंजूर झाला असं समजणं म्हणजे बसस्टँडवर उभं राहिलं की नागपूर आलं समजणं.

सगळ्यात घातक आहे ते "४० टक्के रोख". याचा हिशेब कोणी मांडून पाहत नाही, म्हणून मांडतो. २५ लाख मंजूर झाले तरी एकरकमी येत नाहीत, हप्त्यांनी येतात. पहिला हप्ता समजा १० लाखांचा. मेसेजवाला भाऊ म्हणणार, माझं आधी. २५ लाखांचे ४० टक्के किती? १० लाख. म्हणजे पहिला हप्ता पूर्ण त्याच्या खिशात आणि तुमच्या गावात सुई-दोराही नाही. आता पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय दुसरा येत नाही. ते १० लाख खर्ची टाकायचे कसे? आयकराच्या नियमाने एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च धरत नाहीत. म्हणजे किमान शंभर खोटे व्हाउचर, शंभर अंगठे. नाहीतर शिलाई मशीनची बनावट बिलं. कंपनीचा माणूस पाहणीला येतो तेव्हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघतो, बिलावरचा नंबर मशीनवरच्या नंबरशी जुळवतो, हजेरीपटावरच्या दोन बायांना फोन लावतो. इथेच सगळं उघडं पडतं.

मग अडकतं कोण? सह्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्षाच्या. या भाऊचं नाव एकाही कागदावर नाही. १२ए रद्द होऊ शकतं, ते गेलं की सीएसआरची पात्रताही गेली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. फौजदारी गुन्हा वेगळाच.

"ओळखीशिवाय फंड मिळत नाही", हे मात्र पूर्ण खोटं म्हणता येत नाही. अनेक फाउंडेशन उघडे अर्ज मागवत नाहीत, प्रस्ताव इंग्रजीत मागतात, आणि तालुक्याच्या संस्थेच्या ईमेलला उत्तरही येत नाही. पण म्हणून या भाऊंची तिथे ओळख आहे असं थोडंच आहे? नियम ९ प्रमाणे कंपनीला मंजूर प्रकल्प स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, आणि शासनाच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हावार खर्च दिसतो. आपल्या जिल्ह्यात कोण कशावर खर्च करतं ते आधी पाहा, मग त्याच विषयावर दोन पानांची टिपणी पाठवा: गाव कोणतं, अडचण काय, किती कुटुंबं, कोणत्या महिन्यात काय, कशाला किती पैसे.

त्याआधी घरचं दप्तर. चांगल्या संस्था इथेच अडतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, आणि परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातला संस्थेचा नोंद-उतारा) वारलेला कोषाध्यक्ष अजून कोषाध्यक्षच असतो. तीन वर्षांचे ऑडिट एकाच आठवड्यात करून घेतलेले असतात. ठरावाची वही सापडत नाही. पाहणीला आलेला माणूस हेच आधी मागतो.

ज्यांनी किटचे पैसे भरलेच असतील त्यांनी पावती मागा. ऑनलाइन भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि डिजिटल सहीचं टोकन, पोर्टलचे पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर त्याच्याकडे असेल तर आजच बदलून घ्या. त्या टोकनवर तुमच्या नावाने काहीही दाखल करता येतं.