वन्समोर कुणाकडे मागायचा?

परवा रविवारी संध्याकाळी साडेपाचचं मानापमान बघून आले. म्हणजे खाडिलकरांचंच संगीत मानापमान, पण नव्या संचात, नवीन पोरं, नवीन दिग्दर्शक, सव्वादोन तासांत बसवलेलं, मागे एलईडी स्क्रीन वगैरे. दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. कुठल्या संस्थेचं ते लिहीत नाही, कारण पोरांनी खरंच जीव ओतलाय आणि मला जे खटकलं ते त्यांच्या एकट्यांचं नाहीच, हल्ली बऱ्याच ठिकाणी तेच चाललंय.

आम्ही तिघी होतो. मी, माझी एकोणीस वर्षांची लेक आणि कोल्हापूरहून आलेली आत्या. लेकीला मानापमान हे नाव माहीत होतं ते २०२५ च्या जानेवारीत सिनेमा आला होता म्हणून, तो पण तिने बघितला नव्हता, गाणी फक्त रील्सवर ऐकलेली. आणि आत्या वय वर्षं एकोणऐंशी, गुडघे दुखतात, कानाला मशीन आहे, पण नाट्यसंगीत म्हटलं की मशीन काढून ठेवते, म्हणते सूर मशीनीतून पत्र्यासारखे लागतात. या दोघींच्या मध्ये मी बसले होते त्यामुळे मला एकाच तिकिटात तीन नाटकं बघायला मिळाली असं समजा.

जाताना खरं सांगते, मी नावं ठेवायच्या तयारीनेच गेले होते. मूळ नाटक पाच अंकी, पन्नासच्या वर पदं, आमच्या आजोबांच्या वेळी रात्री सुरू झालं की उजाडेपर्यंत चालायचं, ते तुम्ही सव्वादोन तासांत कोंबणार म्हणजे काय उरणार? पण पहिल्या अर्ध्या तासातच मला माझे शब्द गिळावे लागले. काटछाट इतकी समजून केलीये ना! भाषेतले अवघड जिने काढलेत पण घर तेच ठेवलंय. लक्ष्मीधर तर धमाल. मूळचा श्रीमंत, भित्रा, दागिन्यांनी मढलेला माणूस, त्याला या पोराने हल्लीच्या लग्नात जॅकेट घालून फिरणाऱ्या नवरदेवासारखं चालायला लावलंय, एक शब्द न बदलता! लेक हसून हसून वाकली.

मध्यंतरात वडे खाताना (बालगंधर्व रंगमंदिरात जाऊन वडा नाही खाल्ला तर नाटक पूर्ण होत नाही, हे माझं ठाम मत आहे) ती म्हणाली, "आई, म्हणजे आधी ही भामिनी त्या धैर्यधराला गरीब म्हणून रिजेक्ट करते, अपमान करते, आणि मग स्वतःच गरीब वनमाला बनून त्याच्या छावणीत जाते? हे तर फुल टॉक्सिक आहे." मी म्हटलं, अगं १९११ चं नाटक आहे. तर म्हणाली, "म्हणूनच तर भारी आहे, सगळं नाटक तीच चालवतेय, तो नुसता तलवार धरून गातोय." आता हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. खाडिलकर म्हणजे केसरीतले, ज्यांच्या कीचकवध नाटकावर सरकारने बंदी घातली ते, त्यांनी कीचकवधानंतर हे पैसा विरुद्ध शौर्य लिहिलं, तेवढंच आम्हाला शाळेत सांगितलेलं. भामिनीकडे बघायला कुणी शिकवलं नाही. मग उगाच इतकी वर्षं भामिनीचं काम करणाऱ्या बालगंधर्वांचा शालू आणि अत्तर यांच्याच गोष्टी ऐकत बसलो.

बरं, मला न आवडलेल्या गोष्टींत स्क्रीन आधी येतो, तो पटकन उरकते. 'चंद्रिका ही जणू' सुरू झालं आणि मागे एवढा मोठा चंद्र उगवला. अरे बाबा, तो तिला चांदणं म्हणतोय, आकाशात चंद्र दाखवायला कुणी सांगितलंय? पुढे छावणीच्या प्रवेशात मशाली फडफडत होत्या त्या ठीक होत्या. झालं, स्क्रीनबद्दल एवढंच.

आता खरं दुखणं.

धैर्यधराचं काम करणारा मुलगा, वय असेल अठ्ठावीस-तीस, आवाज असा की छातीतून निघतो आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन आदळतो. 'शूरा मी वंदिले' त्याने घेतलं आणि मला काटा आला, दीनानाथ मंगेशकरांच्या चालीतला तो झपाटा आहे ना, श्वास न घेता तान खाली सोडून परत वर येणं, ते त्याने नक्कल न करता केलं. संपलं आणि टाळ्या. आणि माझ्या शेजारून, एकोणऐंशी वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या तोंडून, "वन्समोर!" म्हणजे हेच पद परत गा. मागून अजून चारपाच आवाज आले. मग प्रेक्षकांतली अख्खी डावी बाजू ओरडायला लागली, वन्समोर, वन्समोर.

आणि तो मुलगा उभा राहिला. एक क्षण त्याने विंगेकडे बघितलं. हात थोडा वर गेला त्याचा, मला दिसलं ते, आम्ही सहाव्या रांगेत होतो. पण तोवर लाइट निळा झाला होता, मागे जंगल आलं होतं, स्पीकरमधून पुढच्या प्रवेशाचं म्युझिक सुरू झालं होतं. त्याने हात खाली घेतला, नमस्कार केला, गेला. वन्समोर हवेतच राहिला.

कारण पदांची साथ ट्रॅकवर होती. ऑर्गन, तबला, व्हायोलिन, सगळं आधी रेकॉर्ड केलेलं, लाइटचे क्यू त्या ट्रॅकला बांधलेले. तो थांबला असता तर ट्रॅक थांबणार नव्हता. त्याला आलाप एक आवर्तन जास्त घ्यावासा वाटला असता तरी घेता आला नसता, कारण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला समोर कुणी माणूस नव्हता, सेकंद होते.

मला कळतं हो, का करतात ते. ऑर्गनवाला, तबलजी, व्हायोलिन, त्यांचं मानधन, दौऱ्यावर त्यांची राहायची सोय, साउंड बॅलन्सची डोकेदुखी, आणि नाट्यगृहं सकाळ-दुपार-रात्र अशी वाटून दिलेली, तुमच्यानंतर दुसऱ्याचा सेट लागणार, साडेआठला स्टेज रिकामं पाहिजे म्हणजे पाहिजे. मराठी नाटकवाल्यांची पैशाची गणितं किती तंग असतात ते इथल्या बऱ्याच जणांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तरीही मला वाटतं की पन्नास पदांची वीस करा, पाच अंकांचे दोन करा, स्क्रीन लावा, भामिनीला जीन्स घाला पाहिजे तर, मी काही म्हणणार नाही. पण समोरचा तबलजी काढू नका. तो काढला की बाकी सगळं ठेवून उपयोग नाही.

कारण संगीत नाटकात गाणं नाटकाच्या मध्ये येतं एवढंच नव्हतं ना. गाणं किती चालणार हे अर्धं प्रेक्षक ठरवायचे. गोविंदराव टेंब्यांनी मानापमानच्या चाली बांधल्या, स्वतः हार्मोनियमचा माणूस, त्या चालींत मुद्दाम जागा सोडल्यात, गाणाऱ्याने त्या दिवशी त्या रात्री भराव्यात म्हणून. गंधर्व नाटक मंडळीत पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष, अशी माणसं समोर बसायची. थिरकवासाहेबांसारखा माणूस तुमच्या नाटकात ठेका धरून बसला असेल तर लोक काय फक्त भामिनीचे दागिने बघायला यायचे का? निम्मे लोक तबला ऐकायला यायचे. म्हणजे साथीदार हा खर्चाचा आयटम नव्हता, तिकीट विकलं जायचं त्यातलं एक कारण होतं.

आत्याचं तर वेगळंच. तिला गायकनट केशवराव भोसले म्हणजे घरचा माणूस, कोल्हापूरचे ना. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व या दोन नाटक मंडळ्यांनी मिळून मुंबईत संयुक्त मानापमान केलं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, ही गोष्ट ती अशी सांगते की जणू तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधीची गोष्ट! आणि केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हे सांगताना दरवेळी आवाज खाली येतो. तिने स्वतः मानापमान पाहिलं ते कोल्हापुरात, केशवरावांच्याच नावाच्या नाट्यगृहात. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते जळालं. आत्या त्या रात्री फोनवर रडत होती आणि मला काय बोलावं ते कळेना. म्हणूनच मी या नाटकाची तिकिटं काढली, खरं तर. म्हटलं तिला मानापमान दाखवू.

दुसऱ्या अंकात 'नाही मी बोलत नाथा' आलं. भामिनी झालेली मुलगी सुरेख दिसते, सुरेख गाते, पण तिथे मला ट्रॅक फारच बोचला. मुळात हे पदच गमतीचं, मी बोलत नाही, बोलत नाही म्हणत बाई बोलतेच आहे, बोलतेच आहे, आणि बालगंधर्व त्या एकाच ओळीला किती वेगवेगळ्या तऱ्हांनी रुसायचे ते रेकॉर्डवर आजही ऐकू येतं. रुसवा मोजून तीन मिनिटं वीस सेकंदांत कसा होईल? रुसवा तर समोरच्याने मनवायला किती वेळ लावला त्यावर असतो. लेक कानात म्हणाली, "आता खरंच बोलायची थांबली, म्युझिक संपलं." मी चिमटा काढला तिला, पण पॉइंट होता.

नाटक संपल्यावर आत्या म्हणाली मेकअप रूममध्ये जायचं. आमच्या गुडघ्यांनी नको म्हटलं तरी गेलो. रांग होतीच, लोक सेल्फी काढत होते. धैर्यधर अर्धा मेकअप उतरवून बसला होता, कपाळावर टिळा तसाच, गालाला खोबरेल. आत्याने पर्समधून शंभराची नोट काढून त्याच्या हातात दिली. तो गोंधळला, मग पाया पडला.

"झ्याक गायलास. पण वन्समोर दिलो की आम्ही, घेतला नाहीस त्यो." (कोल्हापुरात बायका पण दिलो, बघितलो असंच बोलतात, टायपो नाहीये.)

तो म्हणाला, "आजी, मला पण घ्यायचा होता हो. पण पुढचा ट्रॅक लागतो लगेच. रिहर्सलला आम्ही तबल्यावरच बसवलंय सगळं, आमचा तबलजी आहे, मस्त वाजवतो. पण प्रयोगाला..." आणि पुढचं त्याने सांगितलं नाही, मागे निर्मितीवाले कुणीतरी उभे होते.

मला तेव्हा त्या मुलाचं फार वाईट वाटलं. पंधरा-वीस वर्षं शास्त्रीय शिकला असणार, तयारी अशी की ऐनवेळी हवं ते घेऊ शकेल, आणि स्टेजवर त्याला ऐनवेळी काही करायची परवानगीच नाही. आत्या मात्र तशी काही हळवी झाली नाही. बाहेर येताना बालगंधर्वांच्या त्या दोन मोठ्या चित्रांपाशी थांबली, एकात पुरुषवेषात, एकात स्त्रीवेषात, दोन मिनिटं बघितलं, आणि म्हणाली गाडी काढ, जेवायला उशीर होतोय.

गाडीत लेकीने फोनवर 'शूरा मी वंदिले'ची जुनी रेकॉर्ड लावली. डेक्कनच्या सिग्नलला ती संपली तशी तिने स्वतःहून परत लावली. आत्या मागच्या सीटवर मशीन काढून बसली होती, मांडीवर बोटांनी ठेका धरलेला.

घराच्या गेटपाशी उतरताना म्हणाली, "पुढच्या बारीला तबलेवाला खाली बसणार असला तर मला फोन कर, येतो मी. एसटीनं येतो. नसला तर नको."