‘रक्तातच मारामारी’ म्हणणाऱ्यांनो, ते नाटक आधी पूर्ण बघा

काल रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. भाचा सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला शिकायला चाललाय आणि तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकली. अंधार, चाकू, रक्त. खाली मजकूर: ‘बीबीसीने टिपलेले खरे ग्लासगो. तिथल्या कामगारांच्या रक्तातच मारामारी. असले कार्यक्रम बघूनच पोरं बिघडली. मुलांना पाठवू नका.’ ताई रडत होती. पुढे ढकलणाऱ्या एकालाही वाटलं नाही की आधी शोधून बघावं?

‘खरे ग्लासगो’ म्हणे! ते नाटक आहे. ‘जस्ट अ बॉइज गेम’, बीबीसीच्या ‘प्ले फॉर टुडे’ या टीव्ही-नाटकांच्या मालिकेत १९७९ साली दाखवलेलं. नायक जेकचं काम फ्रँकी मिलर या गायकाने केलंय. आणि गाव ग्लासगो नाहीच, क्लाइड नदीच्या मुखाकडचं ग्रीनॉक आहे.

बघून पोरं बिघडली? वस्तरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्या ग्लासगोत १९३० च्या आसपासच होत्या. त्या मोडायला पर्सी सिलिटो यांना १९३१ मध्ये पोलीसप्रमुख म्हणून आणलं. तेव्हा घरोघरी टीव्ही होता का?

आता ‘रक्त’. माझा खरा राग यावर आहे. हे नाटक रक्ताबद्दल नाहीच. जेकचा आजा एकेकाळचा नावाजलेला ‘हार्ड मॅन’, म्हणजे आपल्याकडचा दादा. त्या म्हाताऱ्याने एकदा तरी आपल्याला मानावं म्हणून नातू झुरतो. ती मर्दानगी त्याला घरात शिकवली गेलीय, आणि तिची किंमत म्हणून त्याचा जिवलग मित्र मरतो. यात कुणाला गौरव दिसतो? लिहिणारा पीटर मॅकडुगल स्वतः ग्रीनॉकचा, कोवळ्या वयात जहाजबांधणीच्या यार्डात लागलेला. आपल्याच माणसांबद्दल तो लिहीत होता.

आणि रक्तातच असतं, तर कमी कसं झालं? स्कॉटिश सरकारचीच आकडेवारी बघा. २००४-०५ मध्ये देशभरात १३० च्या वर खून. २०२२-२३ मध्ये ५२, म्हणजे १९७६ पासूनचा तोवरचा नीचांक. अठरा वर्षांत रक्त बदलत नाही. मधे काय झालं? २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघणारा विभाग काढला. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना ग्लासगोच्या कोर्टात बोलावून बसवलं. जखमा शिवणारे डॉक्टर बोलले, हल्ल्यात पोरगा घायाळ झालेली एक आई बोलली. पोलिसांनी दमही दिला, पण सोबत नोकरी-शिक्षणाच्या मदतीसाठी फोन नंबरही दिला. पुढे इस्पितळांच्या अपघात विभागात हिंसेच्या वाटेवरून परतलेली माणसं नेमली. चाकू लागून आलेल्या पोराशी त्याच खाटेपाशी ती बोलतात.

तिथल्या मारामाऱ्यांमागे दारू असते हे खरं आहे, तेवढं मान्य करतो. आणि २००५ च्या सुमारास ग्लासगोची खुनांसाठी युरोपभर बदनामी होती, तीही उगाच नव्हती. पण तेव्हाही बळी बहुतेक तिथलीच गरीब वस्तीतली पोरं होती. त्यांना जनावरं ठरवणारा मजकूर आपण नाश्ता करता करता फॉरवर्ड करतो.

ज्याने ती क्लिप टाकली, त्याने त्याच ग्रुपवर हे दोन आकडे टाकावेत. आणि ताईला स्वतः फोन करावा.