सूत्रांची कृपा

मोबाइलवर बातमी आली की आधी पुढे पाठवा, वाचायचं नंतर. खरं तर वाचूच नका. मथळ्यात 'धक्कादायक' आहे ना, मग झालं. पावसाळ्यात तर उशीर अजिबात परवडत नाही. तुमच्याआधी मुलुंडच्या वहिनींनी 'दादरचा हिंदमाता चौक बुडाला' टाकलं, तर फॅमिली ग्रुपवर तुमची काय पत राहील?

फोटोतल्या पाण्यात काळी-पिवळी पद्मिनी उभी दिसेल. दिसू दे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023मध्ये संपली, हे उकरून काढणारा एखादा भाचा प्रत्येक घरात असतोच. मागे बेस्टची जुनी, बिनएसीची डबलडेकरही असेल. तीही त्याच वर्षी सप्टेंबरात रस्त्यावरून गेली. भाच्याला सांगा, "अरे, पाणी बघायला आली असेल."

'सूत्रांच्या माहितीनुसार' दिसलं की हात जोडा. सूत्रं कोण, राहतात कुठे, असलं विचारू नये. बातमीदाराच्या नावाच्या जागी 'वेब टीम' असतं आणि 'संपर्क'वर क्लिक केलं तर पान उघडत नाही. कामात असतील बिचारे.

आकडा दिसला तर तो कुठला, हे बघू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला शंभरही नव्हता. म्हणून काय दर वेळी 'कुठल्या मुंबईत?' विचारत बसायचं? बातमीत चर्चगेटपासून डहाणूपर्यंत सगळी मुंबईच.

सुट्टीच्या पत्रकाचा प्रयोग मात्र मी घरीच करून पाहिलाय. गेल्या जुलैत रात्री साडेदहाला एका पोर्टलवर 'उद्या शाळा बंद', सोबत पालिकेचं पत्रक. वरची तारीख तेवढी नेमकी कापलेली. पालिकेच्या स्वतःच्या खात्यावर चकार शब्द नव्हता. पण पालिका झोपली असेल, पोर्टल जागं होतं! पोराचा गजर बंद केला, बायकोला म्हटलं, डबा नको करूस. सकाळी लख्ख ऊन. साडेआठला वर्गशिक्षिकांचा फोन, "चाचणी सुरू झालीये, येतोय ना तो?"

पोर्टल उघडलं तर बातमीच गायब. चूक झाली, दिलगीर आहोत, असलं काही नाही. त्या जागी पपईच्या पानांचे सात फायदे.

ते मी लगेच ग्रुपवर टाकले. वहिनींच्या आधी.